मामाची हेलिओस आणि रिकाम्या नळीचं माप

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा मामाच्या घरातलं खालचं सगळं गेलं. फ्रिज, गाद्या, मामीची शिलाई मशीन, सगळं. वाचलं ते माळ्यावरचं. ऑगस्टात मी पुण्याहून मदतीला गेलो, तेव्हा माळा आवरताना एका पत्र्याच्या पेटीत कॅमेरा निघाला. झेनिट-ई, जुना रशियन फिल्म कॅमेरा. चामड्याची केस, तिला कुबट वास, आणि उघडल्यावर पुढे ५८ मिलिमीटर एफ/२ ची हेलिओस ४४-२ ही लेन्स. मामा मुंबईला गोदीत नोकरीला होते तेव्हा फोर्टातल्या एका दुकानातून त्यांनी तो घेतला होता. आमच्या घरातली १९८० नंतरची बहुतेक लग्नं आणि मुंजी याच भिंगातून गेल्या आहेत. मामा म्हणाले, "घेऊन जा रे तू. हितं राहिला तर पुढच्या पुरात जायचा."

मी फोटोग्राफर नाही, हे आधीच सांगून टाकतो. भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. डाय, जिग, फिक्श्चर हे माझं काम. त्यामुळे लेन्स हातात आली की माझं लक्ष आधी आट्यांकडे जातं आणि मग काचेकडे.

आटे सोपे होते. ४२ मिलिमीटर व्यास, १ मिलिमीटर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. याला एम४२ म्हणतात. पूर्व जर्मनीत सुरू झालेला हा माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची पद्धत, पुढे जपानी पेंटॅक्सने वापरला, रशियनांनी वापरला, आणि म्हणून या आट्यांच्या लेन्स जगभर पडून आहेत. हेलिओस स्वतःसुद्धा झाइस येना या जर्मन कंपनीच्या जुन्या बायोटार लेन्सचं रशियन रूप. झेनिट मूळचे मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचे, आणि ही लेन्स एकाहून जास्त कारखान्यांत बनायची. माझ्या लेन्सच्या नंबरातले पहिले दोन आकडे ७८. सोव्हिएत लेन्सवर ते बहुधा सालाचे असतात, म्हणजे ही १९७८ ची.

घरात मुलीचा निकॉन डी५३०० पडून होता. ऑनलाइन एक कडी मागवली, एका बाजूला एम४२ चे आटे, दुसऱ्या बाजूला निकॉनची पकड. लेन्स बसली, आणि मी खिडकीतून समोरच्या इमारतीवर कॅमेरा धरला. धुकं. रिंग शेवटपर्यंत फिरवली तरी धुकंच. टेबलावरची बरणी मात्र लख्ख.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ते आधी करायला हवं होतं. लेन्स ज्या पृष्ठभागावर टेकते तिथून फिल्मपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटचं ठरलेलं असतं. एम४२ चं ४५.४६ मिलिमीटर. निकॉनचं ४६.५. म्हणजे निकॉनवर ही लेन्स १.०४ मिलिमीटर लांबच बसणार, मधली कडी कितीही पातळ केली तरी. ५८ मिलिमीटरच्या लेन्सला एवढं अंतर वाढलं की सव्वातीन मीटरच्या पलीकडचं काही फोकसमध्ये येत नाही. कडीची स्वतःची जाडी मिलिमीटरभर धरली तर पावणेदोन मीटरच्या आतच खेळ संपला. मध्ये एक काच घातलेल्या कड्या मिळतात, त्यांनी डोंगर फोकसमध्ये येतो, पण चाळीसेक वर्षांच्या चांगल्या काचेच्या मागे शंभर रुपयांची काच लावायची म्हणजे पुरणपोळीवर डालडा. शिवाय डी५३०० ला चिपशिवायची लेन्स लावली की त्याचा प्रकाशमापक बंद पडतो, सगळं अंदाजाने करावं लागतं. कॅननच्या जुन्या डीएसएलआरला, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याला, हे अंतर ४४ आहे. तिथे दीड मिलिमीटरची कडी पुरते, म्हणून कॅननवाले या बाबतीत सुखी.

खरे सुखी मिररलेसवाले. आरसा नाही, त्यामुळे लेन्स आणि सेन्सर यांच्यात अंतर फार थोडं. सोनी ई १८ मिलिमीटर, फुजीफिल्म एक्स १७.७, निकॉन झेड १६. ४५.४६ मधून १७.७ वजा केले की २७.७६ उरतात. तेवढ्या लांबीची नळी मध्ये ठेवायची, झालं. नळीत काच नाही, विजेची जोडणी नाही, काही नाही. पोकळ नळी, जिचं काम एकच: दोन वस्तूंना ठरलेल्या अंतरावर धरून ठेवणं. आमच्या भाषेत ते जिग. आणि जिग म्हटलं की मला वाटतं, हे तर आपलंच काम.

सेकंडहँड फुजी एक्स-टी२० घेतला. बायकोला सांगितलं की मुलीसाठी. मुलगी तेव्हा हैदराबादला होती.

पहिला अडॅप्टर, म्हणजे ही मधली नळी, सहाशे रुपयांचा. कॅमेऱ्यावर बसवल्यावर लेन्स हाताने हलवली की कटकट वाजायची. वर्नियर लावला तर एका बाजूला आणि समोरच्या बाजूला मिलिमीटरच्या दहा-बारा शतांशांचा फरक, म्हणजे तोंडच वाकडं. तो टाकून दिला. दुसरा पंधराशेचा घेतला. हा घट्ट बसला. पुढची एम४२ ची कडी वेगळी, बाजूच्या तीन बारीक ग्रब स्क्रूंनी धरलेली. याचा फायदा असा की आटे घट्ट झाल्यावर लेन्सवरची खूण वाकडी, म्हणजे घड्याळातल्या चारवर वगैरे थांबली, तर स्क्रू सैल करून ती बारावर आणता येते. आतून नळी चकचकीत काळी होती. चकचकीत काळं हे काळं नव्हे. खिडकीकडे तोंड करून धरली की आत पांढरी चमक दिसायची, आणि तीच फोटोत धुरकटपणा होऊन उतरते. स्टेशनरीच्या दुकानातून काळा मखमली कागद आणला आणि आत चिकटवला.

दुसरा अडॅप्टर मी मोजला नाही. घट्ट बसला, हलला नाही, एवढ्यावर पास केला. टूलरूममध्ये नव्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला अख्ख्या शॉपसमोर झापलं असतं.

कॅमेऱ्यात एक गोष्ट करावी लागते. लेन्स नुसतं लोखंड-काच, कॅमेऱ्याशी बोलत नाही, त्यामुळे त्याला वाटतं लेन्स लावलेलीच नाही आणि तो बटण दाबू देत नाही. मेनूत 'शूट विदाउट लेन्स' चालू करायचं. बाकीच्या कंपन्यांत असाच पर्याय वेगवेगळ्या नावाने असतो. मग शटरचा वेग कॅमेरा स्वतः ठरवतो, अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, आपण लेन्सवर. एक्स-टी२० चा सेन्सर फिल्मपेक्षा लहान, म्हणून ५८ ची लेन्स ८७ सारखी वागते, आणि कॅमेऱ्यात हात हलण्यावर काही उपाय नाही. त्यामुळे मी शटर १/१२५ च्या खाली जाऊ देत नाही.

आता बुरशी. कोकणातला दमटपणा आणि चामड्याची केस, बुरशीला याहून चांगलं घर मिळायचं नाही. टॉर्च मारला की समोरच्या भिंगाच्या आतल्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसत होतं. आणि फोकसची रिंग इतकी जड की फिरवताना लेन्सच अडॅप्टरमधून सुटायची. आतलं ग्रीस सुकून मेणासारखं झालं होतं.

एका रविवारी गच्चीच्या दारात टेबल मांडून बसलो. भिंगाच्या कड्यांना दोन खाचा असतात, त्यांत बसेल असा स्पॅनर बाजारात मिळतो, पण मुलीच्या शाळेतल्या कंपासपेटीतलं कर्कटक होतं. त्याची दोन्ही टोकं ग्राइंडरवर चपटी केली. पुढची नावाची कडी खाचांशिवाय होती, ती बेसिनच्या रबरी बुचाने दाबून फिरवली. बुरशीला मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि थोडा अमोनिया, कापसाने, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. दोनतीन मिनिटं ठेवलं, पुसलं, परत. जाळं गेलं. एका कडेला मात्र नखाएवढ्या जागी बुरशीने भिंगावरचा थरच खाल्ला होता. तो डाग राहिला. फोटोत तो दिसत नाही, पण मला माहीत आहे की तो तिथे आहे. चिकटवलेल्या जोडभिंगांना मी हात लावला नाही. तिथे द्रव आत गेला तर लेन्स फेकायची.

ग्रीस काढायचं तर फोकसचे आटे पूर्ण उघडावे लागतात. आणि इथे मी माती खाल्ली. हे आटे मल्टिस्टार्ट असतात, म्हणजे एकाच दंडगोलावर अनेक आटे शेजारी शेजारी सुरू होतात. थोडं फिरवलं की लेन्स झपकन पुढे जाते. फ्लाय प्रेसच्या स्क्रूला असेच आटे असतात, मी आयुष्यभर पाहिलेत. म्हणजे दोन भाग वेगळे होतात ती नेमकी जागा खुणावून ठेवायलाच हवी, नाहीतर परत लावताना चुकीच्या आट्यात बसतात. मी बाहेरच्या रिंगेवर स्क्रायबरने खूण केली, आतल्यावर केली नाही. पेट्रोलने धुतलं, नवं पांढरं ग्रीस लावलं, बसवलं, आणि रिंग अर्ध्यातच अडकली. उघडलं, पुढच्या आट्यात घातलं, आता रिंग फिरली पण लेन्स आत पुरेशी जाईना. चौथ्या खेपेला जमलं. तोपर्यंत बायको दोनदा जेवायला बोलावून गेली होती, आणि तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं.

एवढं उलगडल्यावर अनंताची खूण, म्हणजे खूप दूरचं फोकसमध्ये येतं ती जागा, पुन्हा जुळवावी लागते. हेलिओसच्या फोकस रिंगेला तीन इवले ग्रब स्क्रू असतात. ते सैल केले की बाहेरची रिंग आतल्या आट्यांपासून सुटी होते. दूरच्या वस्तूवर फोकस करायचा, मग बाहेरची रिंग अनंताच्या खुणेवर, म्हणजे अडेल तिथे, आणायची आणि स्क्रू कसायचे. आमच्या गच्चीवरून सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसतो. त्याहून चांगला अनंत पुण्यात कुठे मिळणार? कॅमेरा तिपाईवर, पडद्यावर चित्र मोठं करून, मनोऱ्याच्या जाळीच्या रेघा सुट्या दिसेपर्यंत फिरवलं आणि कसलं.

खरं म्हणजे उघडण्याआधीही मनोरा अनंताच्या खुणेच्या थोडा अलीकडेच फोकसमध्ये यायचा. खुणेपर्यंत गेलं की पुढे जाऊन परत धूसर. मी मनात म्हटलं, त्रेचाळीस वर्षांची लेन्स आहे, आटे झिजले असतील, आता आपण तिला सरळ करू. केली.

त्यानंतरचं वर्ष मजेत गेलं. या लेन्सला दोन रिंगा आहेत: एकीवर एफ/८ म्हणून (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) आधीच ठरवून ठेवायचं, ती टिकटिक करत थांबते. दुसरी गुळगुळीत, तिने एफ/२ पासून त्या ठरवलेल्या जागेपर्यंत उघडायचं-मिटायचं. मिररलेसवर ही जुनी सोय सोन्यासारखी. उघड्या अॅपर्चरवर फोकस, मग डोळा न काढता बोटाने मिटवायचं, क्लिक. फोकस दाखवायला कॅमेरा कडांवर रंग मारतो, त्यावर एफ/२ ला विसंबू नका. पापणी म्हणेल तर भुवई निघेल. चित्र मोठं करून बघा.

हेलिओस म्हटलं की लोक मागच्या पानांच्या भोवऱ्याची गोष्ट काढतात. कडेला प्रकाशाचे गोल मांजराच्या डोळ्यासारखे लांबट होतात आणि सगळी पार्श्वभूमी फिरल्यासारखी दिसते. खरं आहे, पण तो भोवरा कडांना असतो, आणि लहान सेन्सर नेमक्या कडाच कापतो. माझ्या फोटोंत तो जेमतेम. मला त्याचं वाईट वाटलं नाही. सारसबागेत काढलेल्या दहा फोटोंतल्या दहांत पानं गरगरायला लागली तर माणसाने बघायचं कुठे? मला आवडतं ते एफ/२ चं मऊपण, आणि एफ/५.६ ला मधोमध येणारी धार. सूर्य समोर आला की मात्र सगळं दुधाळ. जुना थर, त्याला काही इलाज नाही, हाताने सावली धरायची.

२०२२ च्या दिवाळीत चिपळूणला गेलो. लेन्स परत झेनिटवर लावून नेली होती, मामांना दाखवायला. ते एकोणऐंशीचे. कॅमेरा हातात घेतल्याबरोबर अंगठा फिल्म ओढायच्या दांडीवर गेला, डोळा लावला, अंगणातून समोरच्या डोंगरावर धरला. बराच वेळ रिंग फिरवत राहिले.

"डोंगर येत नाही रे फोकसात."

"मामा, तुमचा चष्मा...?"

"चष्म्याचं काय! पोफळी येतायत, डोंगर येत नाही. ह्याच्यात आधी यायचा."

मी डोळा लावला. अंगणाच्या टोकाला, वीसेक पावलांवर पोफळी, त्या लख्ख. पलीकडचा डोंगर रिंग शेवटपर्यंत नेऊनही मऊ. आणि मला एकदम निकॉनवरची ती पहिली खिडकी आठवली. तोच रोग, फक्त बारीक.

पुण्यात आल्यावर सोमवारी डबा ठेवायच्याही आधी अडॅप्टर सरफेस प्लेटवर ठेवला. स्लिप गेज, म्हणजे अचूक जाडीचे पोलादी ठोकळे, काढले: २०, ६.५ आणि १.२६, एकावर एक चिकटवले की २७.७६. त्यावर डायल गेज शून्य केला आणि अडॅप्टर पुढचं तोंड खाली करून त्याखाली सरकवला. मागच्या टेकणीवर चार ठिकाणी माप घेतलं. २७.६३, २७.६४, २७.६३, २७.६२. सरळ होता, छान होता, आणि १३० मायक्रॉन, म्हणजे ०.१३ मिलिमीटर, आखूड होता.

हा अपघात नसतो. स्वस्तातले अडॅप्टर बहुधा मुद्दाम किंचित आखूड बनवतात. लांब झाला तर डोंगर कधीच फोकसमध्ये येणार नाही आणि गिऱ्हाईक परत पाठवेल. आखूड झाला तर डोंगर खुणेच्या जरा अलीकडे येईल, कोण तक्रार करतंय? मी पण नाही केली. उलट मी नळीच्या चुकीसाठी लेन्सला शिक्षा दिली. नळी १३० मायक्रॉन आखूड, म्हणून लेन्स तेवढी बाहेर काढून ठेवली, आणि झेनिटवर, जिथे अंतर बरोबर होतं, तिथे ती आता तेवढी लांब पडत होती. गणित केलं: ५८ चा वर्ग ३३६४, भागिले ०.१३. जवळजवळ सव्वीस मीटर. त्याच्या पलीकडचं सगळं मऊ. पोफळी अलीकडे होत्या, डोंगर पलीकडे.

आधी नळी. पुढची कडी काढली, तिच्या टेकणीखाली ०.१० ची पितळी शिम, म्हणजे पातळ पत्रा, आणि एक थाऊची (इंचाचा हजारावा भाग) दुसरी, गोल कापून बसवली. चार ठिकाणी परत माप. २७.७५, २७.७६, २७.७५, २७.७५. हे चालेल.

मग लेन्स. या वेळी फुजीवर विसंबायचं नाही, मूळ घरीच विचारायचं ठरवलं. झेनिटचं मागचं दार उघडलं, खिडकीच्या काचेचा तुकडा लॅपिंग पावडरने घासून दुधी केला आणि फिल्म जिथे टेकते त्या पट्ट्यांवर घासलेली बाजू आत करून चिकटवला. शटर 'बी'वर, केबलने उघडं धरून ठेवलं. आधी लेन्स काढून डेप्थ मायक्रोमीटरने माउंटच्या तोंडापासून काचेपर्यंत मोजलं: ४५.४७. चार दशकांचा, चामड्याच्या केसमध्ये कुजत पडलेला, पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर, आणि एका शतांशाचा फरक. मी ते माप तीनदा घेतलं.

रात्री गच्चीवर लेन्स लावून मनोऱ्याकडे धरलं. दुधी काचेवर उलटा सिंहगड, आणि मनोऱ्याचा दिवा टाचणीच्या टोकाएवढा. डोळ्याला भिंग लावून तो सगळ्यात बारीक होईल तिथे थांबलो, तीन ग्रब स्क्रू कसले. मग लेन्स फुजीवर, दुरुस्त नळीतून. रिंग शेवटाला टेकवली. मनोरा तिथेच, खुणेवर.

लेन्स आता हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर असते, आत पन्नास टक्क्यांच्या खाली दमटपणा दाखवणारा छोटा मीटर. चामड्याची केस मामीने उन्हात टाकली होती, ती तिथेच राहिली. झेनिट मामांकडे परत दिला, एक छत्तीसचा रोल भरून. लेन्स मात्र आमच्यात फिरते: मी गेलो की घेऊन जातो, येताना घेऊन येतो. गेल्या खेपेला मामांनी डोंगराचे दोन काढले, आणि एक मामीचा, ती नको नको म्हणत असताना. अकरा झालेत. बाकीचे पंचवीस पुरवून वापरायचे आहेत म्हणतात.